सरड्याची धाव नेमकी कुठल्या कुंपणापर्यंत? साताऱ्याच्या पठारांवर जनुकीय विविधता मोजताना

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण माणसांना टोमणा मारायला वापरतो. चाळकेवाडीच्या पठारावर तीन उन्हाळे सरड्यांमागं फिरल्यावर मला ती जशीच्या तशी तपासून बघावीशी वाटली. धाव किती, आणि कुंपण कोणतं? दरी, रस्ता, शेत, पवनचक्क्यांची रांग, की नुसतं अंतर? याचं उत्तर डोळ्यांनी बघून मिळत नाही, सरड्याच्या शेपटीच्या टोकातल्या डीएनएमधून मिळतं. ते कसं काढायचं, हे एमएस्सीच्या आणि नव्यानं पीएचडीला लागलेल्या मुलामुलींसाठी इथं लिहितोय. आमच्या चुकाही लिहितोय, म्हणजे त्या तरी तुम्ही पुन्हा करणार नाही.

जनुकशास्त्रातली ‘धाव’ म्हणजे सरडा दिवसभरात किती पळाला ते नव्हे. एका पठारावर जन्मलेला सरडा दुसऱ्यावर पोचला, तिथं त्याला जोडीदार मिळाला आणि पिल्लं झाली, तरच ती धाव मोजली जाते. गावाकडच्या भाषेत सोयरीक. ज्या दोन गावांत पिढ्यान् पिढ्या सोयरीक होते, तिथले चेहरेमोहरे एकमेकांत मिसळलेले दिसतात. मधे न ओलांडता येणारी नदी असली की दोन्हीकडची भावकी हळूहळू वेगळी पडत जाते. पठारावरच्या सरड्यांचंही तेच. एका गावाच्या आत किती भावक्या आहेत हे मोजणं म्हणजे जनुकीय विविधता, आणि कुठल्या गावाची कुठल्या गावाशी सोयरीक आहे हे शोधणं म्हणजे समूहरचना.

आधी सरडा कोणता ते ठरवा

उन्हाळ्यात चाळकेवाडीच्या जांभ्यावर दगडावर चढून गळ्याचा पंखा उघडझाप करणारा निळा-काळा-नारिंगी नर दिसतो, तो ‘सारडा सुपर्बा’. २०१६ साली दीपक व्ही., वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पंखेवाल्या सरड्यांची नव्यानं मांडणी केली. तेव्हा ‘सारडा’ हा नवा जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, झाला आणि त्याचं नाव आपल्या मराठी ‘सरडा’वरूनच घेतलं. त्याआधी ही मंडळी ‘सिताना’ या नावाखाली मोडत. हे नाव फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिएनं १८२९ मध्ये दिलेलं. सुपर्बाचं वर्णन ज्या नमुन्यांवरून झालं ते चाळकेवाडीचेच आहेत. याच पठारावरून २००८ मध्ये ‘हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस’ ही जमिनीवर राहणारी पालही पहिल्यांदा शास्त्रीय जगापुढं आली. एका जिल्ह्याला, त्यातही एका पठाराला, एवढा मान पुष्कळ झाला.

हा इतिहास सांगायचं कारण असं की अजून एक-दोन उन्हाळ्यांत कुणीतरी याच सरड्यांमध्ये आणखी प्रजाती काढू शकेल. तुम्ही दोन पठारांवरचे सरडे एकच समजून तुलना केली आणि प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या प्रजाती निघाल्या, तर तुमचा सगळा हिशेब वाया जातो. मोठा फरक बघून तुम्ही हुरळून जाल, पण तो फरक दरीमुळं पडलेला नसेल, लाखो वर्षांचा असेल. म्हणून प्रत्येक ठिकाणच्या दोन-तीन सरड्यांचं मायटोकॉन्ड्रियल जनुक, म्हणजे केंद्रकाबाहेरच्या मायटोकॉन्ड्रियातलं, आधी वाचा. या कुळात बहुतेक जण ‘एनडीटू’ जनुक वाचतात. जेनबँक या डीएनए क्रमांच्या सार्वजनिक साठ्यातल्या नोंदींशी ते ताडून बघा आणि मगच बाकीच्या नमुन्यांवर पैसे घाला. माद्यांच्या बाबतीत तर ही खबरदारी दुप्पट घ्या. त्यांना रंगीत पंखा नसतो आणि तपकिरी मादी बघून प्रजाती सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

प्रश्न नीट पडला, तर निम्मं काम झालं

बहुतेक विद्यार्थी माझ्याकडं येऊन म्हणतात, “सर, कास आणि चाळकेवाडीची तुलना करायची आहे.” मी विचारतो, तुलना करून काय कळेल? फरक निघाला तर तो अंतरामुळं, की मधल्या दरीमुळं, की मधल्या वस्तीमुळं? दोनच ठिकाणं असतील तर या तिन्हींतलं एकही वेगळं काढता येत नाही.

नकाशा पुढ्यात घ्या. साताऱ्याच्या पश्चिमेला बामणोलीची डोंगररांग आहे आणि तिच्या माथ्यावर जांभ्याची पठारं पसरलेली आहेत. काही ठिकाणी अशा पठाराला ‘सडा’ म्हणतात, सडावाघापूरच्या नावातच तो आहे. या पठारांमधून ओढ्यांनी आणि उरमोडी, तारळीसारख्या नद्यांनी खोल दऱ्या कापल्या आहेत. तुम्हाला ठिकाणांच्या अशा जोड्या हव्यात की अंतर साधारण सारखं असेल, पण एका जोडीत मधे सलग पठार असेल आणि दुसऱ्या जोडीत मधे दरी. समजा, तीन किलोमीटरवरची दोन ठिकाणं एकाच सड्यावर आणि तीन किलोमीटरवरचीच दुसरी दोन दरीच्या आरपार. पहिल्या जोडीत फरक नाही आणि दुसरीत आहे, तर कुंपण दरीचं म्हणायला जागा आहे. दोन्हीत सारखाच फरक असेल तर कुंपण अंतराचं. अशा निदान तीन-चार जोड्या तरी घ्या, कारण एका जोडीवरून निघालेला निष्कर्ष ही नुसती गोष्ट असते.

रस्त्याचा किंवा पवनचक्कीचा परिणाम बघायचा असेल तरी हीच पद्धत. पवनचक्क्यांच्या भागातली ठिकाणं आणि नसलेल्या भागातली ठिकाणं, पण उंची, गवत, चराई आणि दगडांचं प्रमाण शक्य तितकं सारखं. चराई विसरू नका. गवळी-धनगरांच्या म्हशी जिथं रोज फिरतात तिथलं गवत आणि जिथं फिरत नाहीत तिथलं गवत यांत सरड्याच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक असतो.

एका ठिकाणाहून किती सरडे? मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) वापरणार असाल तर पंचवीस ते तीस. हजारो एसएनपी (डीएनएत एकाच अक्षराचा फरक असलेल्या जागा) वाचणार असाल तर आठ-दहानंही बऱ्यापैकी चित्र मिळतं. पण सगळे एकाच खडकाभोवती धरू नका. भाऊ-बहिणींची गर्दी झाली की संगणक त्यांनाच एक वेगळा समूह समजतो. दोन सरड्यांमधे जमेल तेवढं अंतर सोडत, आडवंतिडवं पठार पिंजून काढा.

परवानगी

इथं फार बोलायची गरज नाही, पण इथं शॉर्टकटही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या अशी आहे की प्राणी पकडणं आणि त्याच्या शरीराचा भाग घेणं हेही शिकारीतच बसतं. संशोधनासाठी त्याला सूट मिळते, पण ती लेखी परवानगीनं. महाराष्ट्रात हा अर्ज प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्या नागपूरच्या कार्यालयाकडं जातो. सोबत संस्थेचं पत्र, प्राणी-नीतिसमितीची मंजुरी, ठिकाणांची यादी, नमुन्यांची संख्या आणि नमुना घ्यायची पद्धत द्यावी लागते. कास आणि कोयनेचा परिसर २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि कोयना-चांदोलीचं जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं, त्यामुळं तिथल्या ठिकाणांची छाननी जास्त होते. नमुने किंवा डीएनए परदेशी पाठवायचे असतील तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची परवानगी वेगळी. सरडे मार्चपासून रंगात येतात, तर अर्ज आदल्या पावसाळ्यातच टाका. आमची एका वर्षीची परवानगी हातात पडली तेव्हा जून लागला होता आणि पठारावर धुकं सोडून काही दिसत नव्हतं.

वनरक्षकाला आणि ग्रामपंचायतीला आधी जाऊन भेटा. कागद दाखवा, काय करणार ते सांगा. उन्हात दगडावर पालथा पडलेला शहरी माणूस बघून लोकांना शंका येणारच.

पठारावर

मार्च ते मे हा काळ. नर दगडावर येऊन पंखा दाखवतात, म्हणजे ते स्वतःच तुम्हाला पत्ता देतात. सकाळी ऊन अंगावर आलं की काम सुरू करा. दुपारी जांभा इतका तापतो की सरडाही पाय उचलून उभा राहतो आणि तेव्हा तो तुमच्या हाती लागत नाही.

हातानं झडप घालण्यापेक्षा फास बरा. मासेमारीच्या लांब काठीच्या टोकाला दात साफ करायच्या मऊ दोऱ्याचा सरकता फास बांधा. काठी हळूहळू पुढं न्यायची. सरडा काठीला घाबरत नाही, तो तुमच्या डोक्याला आणि सावलीला घाबरतो. फास डोक्यावरून मानेपर्यंत गेला की मनगटाचा एक हलका झटका. लगेच हातात घ्या आणि फास सैल करा. नायलॉनची जाड तार वापरू नका, मानेची कातडी सोलते.

एकदा मी असाच पोटावर पडून काठी पुढं सरकवत होतो. मागून म्हशी वळणाऱ्या एका आजींचा आवाज आला.

“काय हुडकताय वं?”

“सरडा धरतोय, आजी.”

“आन् धरून?”

“शेपटीचं टोक घेतो आणि सोडून देतो.”

आजी जरा वेळ उभ्या राहिल्या. मग काठीनं पलीकडं दाखवत म्हणाल्या, “त्या खडकावर एक रोज बसतुया, निळ्या गळ्याचा. त्येला नगा धरू. लई दिसांचा हाय त्यो तितं.”

मी तो धरला नाही, पण वहीत लिहून ठेवलं: एकच नर, एकच दगड, बरेच दिवस. नर आपल्या जागेला किती चिकटून असतो याची ती आम्हाला मिळालेली पहिली नोंद. ती आमच्या जीपीएसनं नाही, आजींनी दिली.

धरलेला सरडा कापडी पिशवीत, सावलीत. वीस मिनिटांच्या आत तो त्याच दगडावर परत गेला पाहिजे. थूथनापासून गुदद्वारापर्यंतची लांबी व्हर्निअरनं मोजा, वजन घ्या, नर-मादी लिहा, गळ्याचा फोटो काढा, जीपीएस बिंदू नोंदवा. मग नमुना. हा सरडा पालीसारखी शेपटी सहज टाकत नाही आणि तुटलेली शेपटी त्याला पालीसारखी पुन्हा येतही नाही, म्हणून टोकाचे दोन-तीन मिलिमीटरच घ्यायचे. निर्जंतुक केलेलं पातं, जखमेला आयोडीन, क्षणभर दाब. दोन सरड्यांच्या मधे पातं बदला किंवा अल्कोहोलनं पुसून ज्योतीवर धरा, नाहीतर पहिल्याचा डीएनए दुसऱ्याच्या कुपीत जातो. बोटाचं टोक कापायची जुनी पद्धत मला पटत नाही. दगडावर चढणाऱ्या जिवाची बोटं कापून त्याच्या आयुष्याचा अभ्यास कसला करायचा? पिल्लू फार लहान असेल तर शेपटीलाही हात लावू नका, तोंडातून कापसाची बारीक काडी फिरवा. डीएनए कमी मिळतो, पण मिळतो.

तोच सरडा पुन्हा धरला जाऊ नये म्हणून पोटाकडच्या बाजूला बिनविषारी रंगाचा ठिपका द्या. कात टाकली की तो जातो, पण तेवढे दिवस पुरतो. पाठीवर मात्र ठिपका नको. वरून घिरट्या घालणाऱ्या ससाण्याला कशाला खूण द्यायची?

नमुना थेट ९५ टक्क्यांहून जास्त शुद्ध इथेनॉलमध्ये. फॉर्मॅलिन नको, त्यानं डीएनए खराब होतो. स्वस्त स्पिरिटही नको. निर्जल अल्कोहोल बाजारात सहज मिळत नाही, महाविद्यालयाच्या परवान्यावर आधीच मागवून ठेवा. तुकड्याच्या निदान दहापट अल्कोहोल असावं आणि दुसऱ्या दिवशी ते एकदा बदलावं, कारण तुकड्यातलं पाणी बाहेर येऊन ते पातळ होतं.

आता आमची चूक. पहिल्या वर्षी आम्ही कुप्यांवर मार्करनं नंबर टाकले. गाडीत एक कुपी कलंडली, अल्कोहोल पिशवीत पसरलं आणि घरी येऊन बघतो तर एकतीस कुप्या अगदी एकसारख्या निळसर. शाई विरघळली होती. कुठला सरडा कुठल्या दगडावरचा, काही कळेना. सगळा उन्हाळा पाण्यात. तेव्हापासून नंबर शिसपेन्सिलीनं, जाड कागदाच्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी कुपीच्या आत. शिवाय कुपीवर कोरलेला नंबर, वहीत नोंद आणि संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो. क्रमांकही वाचता येईल असा ठेवा: ‘चाळके-०७-नर’. नुसतं ‘७’ नको.

प्रयोगशाळेत

हे काम पाककृतीसारखं आहे. एकदा हात बसला की कंटाळवाणं होतं आणि कंटाळा आला की चुका होतात. तुकडा बारीक करून प्रोटीनेज-के हे प्रथिनं तोडणारं विकर असलेल्या द्रावणात ५६ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवायचा. सकाळी तो विरघळलेला दिसला पाहिजे. पुढं फिनॉल-क्लोरोफॉर्म किंवा तयार किटनं डीएनए वेगळा करायचा. एक टक्क्याच्या अगारोज जेलवर चालवून बघा: वर ठळक पट्टा म्हणजे धागे अखंड, खालपर्यंत ओघळ म्हणजे तुटलेले. मिळालेला डीएनए उणे २० अंशांत ठेवा आणि फ्रीझरला इन्व्हर्टर जोडलाय ना, ते आधी बघा. आपल्याकडं उन्हाळ्यातली वीज हा वेगळाच प्रयोग असतो.

पीसीआर म्हणजे डीएनएच्या हव्या त्या भागाच्या असंख्य प्रती काढणं. त्यात ९५ अंशांवर धागे सुटे होतात, ५० ते ६० च्या आसपास प्रायमर, म्हणजे प्रत सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, चिकटतात, ७२ वर नवा धागा बनतो आणि हे तीस-पस्तीस वेळा होतं. प्रत्येक फेरीत एक नळी बिनडीएनएची ठेवा. तिच्यात पट्टा आला तर त्या दिवशीचं सगळं टाकून द्या. मन धजत नाही, पण टाका. दहातला एक नमुना पहिल्यापासून पुन्हा करा आणि दोन्ही उत्तरं जुळतात का बघा. चुकीचं प्रमाण किती ते त्यातून कळतं आणि परीक्षक हेच आधी विचारतात.

कुठला मार्कर, म्हणजे डीएनएतली कुठली खूण, वापरायचा हे प्रश्नावर ठरतं. मायटोकॉन्ड्रियल जनुक फक्त आईकडून येतं. त्यातून जुना इतिहास चांगला कळतो, पण नर किती हिंडतात याबद्दल ते मुकं असतं. ‘एनडीटू’ प्रथिन बनवतं, तर वाचनाच्या मधेच स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रथिन बनवणं थांबवायची खूण, आला तर सावध व्हा, केंद्रकात जाऊन पडलेली त्याची खोटी प्रत वाचली गेलेली असू शकते. मायक्रोसॅटेलाइट म्हणजे ‘सीएसीएसीए’ असे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे. ते आई-बाप दोघांकडून येतात आणि लवकर बदलतात, म्हणून अलीकडच्या सोयरिकीसाठी उपयोगी. जवळच्या प्रजातीसाठी बनवलेले प्रायमर इथंही कधीकधी चालतात, कधी नाही. ऐपत असेल तर डीडीरॅडनं, म्हणजे डीएनए ठरावीक ठिकाणी कापून ते तुकडे वाचायच्या पद्धतीनं, हजारो एसएनपी काढा. महाविद्यालयात सोय नसेल तर लाजू नका, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या मोठ्या ठिकाणी किंवा राष्ट्रीय संस्थेत सहकार्य मागा. नमुने नीट गोळा केलेल्या माणसाला सहसा नाही म्हणत नाहीत.

हिशेब हातानं एकदा तरी करा

संगणकावर बटण दाबण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेले आहेत.

समजा, अ पठारावर वीस सरडे धरले. डीएनएतल्या एका जागी दोन ॲलील, म्हणजे त्या जागेची दोन रूपं, आहेत: लांब आणि आखूड. वीस सरड्यांचे चाळीस ॲलील, त्यांत ३२ लांब आणि ८ आखूड. म्हणजे वारंवारता ०.८ आणि ०.२. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ साली दाखवलं की सरडे सरमिसळ जोड्या जमवत असतील, तर विषमयुग्मी, म्हणजे एक लांब नि एक आखूड असलेले, २ × ०.८ × ०.२ = ०.३२ इतके असायला हवेत. वीसपैकी साधारण सहा. तुम्हाला चारच मिळाले, म्हणजे ०.२०. तूट किती? १ − (०.२० ÷ ०.३२) = ०.३७५.

आता लगेच “अंतःप्रजनन!” म्हणून ओरडू नका. या तुटीला निदान तीन कारणं असतात. खरंच जवळच्या नात्यात जोड्या जमत असतील. किंवा तुम्ही ज्याला एक समूह म्हणताय ते दोन वेगळे समूह असतील आणि तुम्ही ते एका पोत्यात भरले असतील. किंवा एखादा ॲलील तुमच्या प्रायमरला दिसतच नसेल, म्हणजे विषमयुग्मी सरडा समयुग्मी, म्हणजे दोन्ही ॲलील सारखेच असलेला, भासत असेल. एकाच जागी तूट असेल तर मी तिसरं कारण आधी तपासतो, सगळ्या जागी असेल तर पहिली दोन.

ब पठारावर लांब ॲलीलची वारंवारता ०.४ आली. तिथली अपेक्षित विषमयुग्मता २ × ०.४ × ०.६ = ०.४८. दोन्ही पठारांची सरासरी (०.३२ + ०.४८) ÷ २ = ०.४०. दोन्ही एकत्र केली तर लांबची वारंवारता ०.६ आणि विषमयुग्मता २ × ०.६ × ०.४ = ०.४८. एकत्र केल्यावर ०.४८ आणि वेगळं ठेवल्यावर ०.४०. हा फरक म्हणजे कुंपण. (०.४८ − ०.४०) ÷ ०.४८ = ०.१७ च्या जवळ. यालाच एफएसटी म्हणतात, ही कल्पना अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ स्यूएल राइटची. शून्य म्हणजे सोयरीक मुक्त, एक म्हणजे दोन्हीकडं एकेकच ॲलील उरलाय आणि तोही वेगवेगळा. ०.०५ पर्यंत किरकोळ, ०.१५ पर्यंत मध्यम आणि त्यापुढं मोठा फरक, असा राइटचा ठोकताळा आहे. ठोकताळाच, तो वेदवाक्य म्हणून वापरू नका. एका जागेवरून तर काहीच बोलू नका, दहा-पंधरा जागा तरी हव्यात.

संगणकावर पहिली पायरी पीसीए, म्हणजे जनुकीय दृष्ट्या सारखे सरडे जवळ-जवळ ठिपक्यांनी दाखवणारा आलेख. साधं चित्र, गृहीतकं कमी. कुठला सरडा भलत्याच घोळक्यात पडलाय ते लगेच दिसतं, निम्म्या वेळा ती कुप्यांची अदलाबदल निघते. मग ‘स्ट्रक्चर’. प्रिचर्ड, स्टीफन्स आणि डॉनेली यांनी २००० साली आणलेला हा प्रोग्रॅम समूहांची संख्या ‘के’ मानली तर कोण कुठं बसतो ते सांगतो. ‘के’ एकपासून ठिकाणांच्या संख्येहून थोडा जास्त घ्या आणि प्रत्येकाच्या दहा फेऱ्या चालवा. ‘के’ निवडायला सगळे ‘डेल्टा-के’ ही पद्धत लावतात, पण ती ‘के = १’ असं उत्तर देऊच शकत नाही. सगळं पठार एकच घराणं असलं तरी ती दोन भावक्या करून देईल. दुसरा सापळा अंतराचा. सरडे अंतराप्रमाणं हळूहळू बदलत असतील आणि तुम्ही फक्त दोन टोकं घेतली असतील, तर रंगीत पट्ट्यांत दोन समूह ठसठशीत दिसतात. म्हणून मँटेल चाचणी लावून अंतर आणि जनुकीय फरक यांचं नातं आधी बघा. अंतर वजा केल्यावर दरीचं काही उरतं का, हा खरा प्रश्न.

चाळकेवाडीचा पेच

२०१८ मध्ये मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी या पठारावरचं काम प्रसिद्ध केलं. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आणि सारडा सुपर्बाची दाटी जास्त. तिथल्या सरड्यांना ताण कमी आणि माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळतात. पण नरांचे रंग फिके.

हे वाचून बरेच जण म्हणतात, मग काय, सरडे मजेत आहेत. संख्या जास्त असली म्हणजे जनुकीय विविधता जास्त, असं मात्र नाही. विविधतेसाठी महत्त्वाचं असतं ते पुढच्या पिढीत किती जणांचा वाटा पडतो, म्हणजे परिणामकारक संख्या. दगड अडवून बसलेल्या थोड्याच नरांना माद्या मिळत असतील, तर हिशेब बिघडतो. समजा शंभर सरडे, त्यात दहाच नर बाप होतात आणि माद्या नव्वद. परिणामकारक संख्या = (४ × १० × ९०) ÷ १०० = ३६. शंभर डोकी, पण जनुकांच्या बाजारात छत्तीसच.

दर पिढीला विविधतेचा एक भाग नुसत्या नशिबानं गळतो, तो १ ÷ (२ × परिणामकारक संख्या) इतका. संख्या पन्नास असेल तर दर पिढी एक टक्का. वर्षाला एक पिढी धरली आणि रस्ता पंचवीस वर्षांपूर्वी झाला असेल, तर आज ७८ टक्के विविधता उरलेली दिसेल, म्हणजे फरक पकडता येईल. पण संख्या पाचशे असेल तर पंचवीस पिढ्यांनंतरही साडेसत्त्याण्णव टक्के शिल्लक, आणि तुमच्या तीस नमुन्यांत ती घट दिसणारच नाही. म्हणून “रस्त्याचा परिणाम आढळला नाही” असं लिहायचं असेल, तर परिणाम असता तर तो आपल्याला दिसला असता का, हे आधी सिम्युलेशननं, म्हणजे संगणकावर नकली सरड्यांच्या पिढ्या चालवून, तपासा. नाहीतर तुमचा प्रबंध कुणीतरी पुढचा रस्ता पास करायला वापरेल.

शेवटी कागदपत्रं आणि गाव

डीएनए क्रम जेनबँकेत टाका, उरलेले नमुने संस्थेच्या संग्रहात द्या, वनखात्याला अहवाल मुदतीत पाठवा, तो रखडला की पुढची परवानगी अडते. प्रसिद्ध करताना अचूक जीपीएस बिंदू देऊ नका, पठाराचं नाव पुरे. रंगीत नराच्या फोटोसाठी दगड उलथवणारी मंडळी मे महिन्यात किती येतात ते चाळकेवाडीच्या कुणालाही विचारा.

आणि गावात जाऊन मराठीत सांगा. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात नकाशा लावून कुठल्या पठाराची कुठल्याशी सोयरीक ते दाखवलं. आजी मागं बसल्या होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “आन् त्यो निळ्या गळ्याचा? त्येचं काय निघालं?” त्याचा नमुना आम्ही घेतलाच नव्हता. तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “बरं केलंसा. औंदा बी तितंच बसलाय.”